चोवीस घरांचे गाव

आश्विन अमावास्येच्या रात्री भगवान महावीरांचे निर्वाण झाले. तेव्हा ज्ञानाचा दीप मालवला म्हणून तेथे जमलेल्या अठरा गणराजांनी मातीचे दिवे उजळले, असे कल्पसूत्र सांगते. इ. स. ७८३ मध्ये पूर्ण झालेल्या जिनसेनाचार्यांच्या हरिवंशपुराणातही पावापुरीच्या या दीपमालिकेचा उल्लेख आहे. म्हणजे आपल्या उंबऱ्यावर जो दिवा आपण आनंदाने लावतो, तो मुळात एका वियोगाच्या रात्री लागलेला दिवा आहे. पहाटे गौतमस्वामींना केवलज्ञान झाले, नवे वीर निर्वाण संवत् सुरू झाले, आणि त्याच मुहूर्तावर आपण व्यापारी मंडळी नवी वही उघडतो. तिच्या पहिल्या पानावर गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्राची ऋद्धी, अभयकुमाराची बुद्धी आणि बाहुबलींचे बळ आपण मागतो. ज्या शालिभद्राची ऋद्धी मागतो, त्याने ती एके दिवशी सोडून दिली, हे मात्र त्या पानावर कोणी लिहीत नाही.

या दिवसाशी जोडलेली एक लहानशी वस्तू आहे. तिच्याविषयी फारसे कोणी लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही. ती वस्तू म्हणजे हटडी. मारवाडातून आपली घराणी विदर्भात आली, तेव्हा वह्या, तराजू आणि पापड-मंगोड्यांबरोबर हा शब्दही आला. हाट म्हणजे बाजार आणि हटडी म्हणजे लहानसे दुकान. वीतभर उंचीचे, चार खांबांचे, वर छत्री किंवा घुमटी असलेले मातीचे घरकुल. त्याच्या कप्प्यांत साळीच्या लाह्या आणि बत्तासे भरायचे, पुढे पणती ठेवायची. लक्ष्मीपूजनाच्या पाटावर ती असली की पूजा पुरी झाली असे वाटते. शेतकरी आपल्या नांगराची पूजा करतो, तशी व्यापाऱ्याच्या घरी ही दुकानाच्या प्रतिकृतीची पूजा.

दिगंबर परंपरेतील अनेक घरांत या घरकुलाला आणखी उंच अर्थ दिला जातो. ती मंडळी त्यात समवसरणाची आठवण पाहतात. भगवंतांच्या देशनेसाठी देवांनी रचलेली ती सभा, तिचे कोट, तिच्यातल्या बारा परिषदा, जिथे सिंह आणि हरीण शेजारी बसून एकच वाणी ऐकतात. भोवती मांडलेली खेळणी म्हणजे त्या सभेत आलेले जीव. एकीकडे दुकान आणि दुसरीकडे समवसरण. दोन्ही ठिकाणी दार उघडे असते आणि येणाऱ्याला जात विचारली जात नाही, एवढे साम्य मला नेहमी जाणवत आले. दुकानात येणारा काहीतरी घेऊन जातो आणि त्याचे मोल देतो. समवसरणातूनही तो घेऊन जातो, पण तेथे मोल द्यावे लागत नाही.

आमचे घर कळंबचे. यवतमाळहून नागपूरकडे निघालेला माणूस ज्या गावी चिंतामणीच्या दर्शनासाठी उतरतो, पायऱ्या उतरून जमिनीच्या पातळीखालच्या त्या देवळात जातो, ते हे कळंब. गावात कापूस, तूर आणि सोयाबीनचा व्यापार चालतो. आमच्या घरात किराणा आणि सरकी-ढेप असा दुहेरी धंदा होता. १९९१ मध्ये मी या घरात सून म्हणून आले, तेव्हा माझ्या सासूबाईंचे, म्हणजे आम्हां सर्वांच्या बाईंचे, एक काचेचे कपाट मी पहिल्यांदा पाहिले. त्यात एक आखे गाव होते.

मधोमध हटड्या आणि त्यांच्या भोवती इमारती. धर्मशाळा, पाणपोई, पांजरपोळ, पाठशाळा, पत्र्याची जिनिंग, पोस्ट, एस. टी. स्टँड, दोन-तीन माळवदाची घरे, एक कौलारू घर, आणि पायऱ्या खाली उतरत गेलेले चिंतामणीचे देऊळसुद्धा. काही कुंभाराकडून करून घेतलेली, काही सुताराने सागाच्या तुकड्यांतून घडवलेली, काही नागपूरहून आणलेली प्लास्टरची. प्रत्येक घराला मागून एक भोक होते आणि खिडक्या कोरलेल्या होत्या, कारण ती सगळी उजळण्यासाठीच केलेली होती. धनत्रयोदशीला कपाट उघडायचे, ओसरीवर फळ्यांच्या उतरंडीवर गाव मांडायचे आणि भाऊबीजेपर्यंत रोज संध्याकाळी तासभर ते उजळायचे, असा क्रम होता. आमच्या घरी फटाके कधीच आले नाहीत. जीवहिंसा आणि ज्ञानाची आशातना टाळण्यासाठी आपल्या किती घरांनी हा नियम पाळला आहे! पण मुलांना नुसते नाही म्हणून भागत नाही, त्यांच्या हाती दुसरे काहीतरी द्यावे लागते, असे बाई म्हणत. ते दुसरे काहीतरी म्हणजे हे गाव होते. बाजारातली मुले फटाके उडवून झाले की आमच्या ओसरीसमोर उकिडवी बसून कोणत्या घरात कोण राहते याच्या गोष्टी रचत.

हे गाव उजळण्यात जयणेचा मोठा विचार होता. दिवाळी येते ती चातुर्मासातच. पाऊस नुकताच सरलेला असतो, शेतांतून हिरवे बारीक किडे दिव्याकडे थव्यांनी येतात. उघड्या पणतीवर त्यांचा घात ठरलेला. म्हणून बाई प्रत्येक खिडकीला आतून जुन्या मलमलीचा तुकडा खळीने चिकटवीत. प्रकाश बाहेर येई, जीव आत जात नसे. पणती ठेवण्याचे मागचे भोकही पत्र्याच्या झडपेने झाके. पुढे विजेचे लहान बल्ब आले तेव्हा बाईंनी ते ताबडतोब स्वीकारले. नंतर एलईडी आले. पांढऱ्या-निळसर प्रकाशाकडे किडे अधिक खेचले जातात आणि पिवळ्या उबदार प्रकाशाकडे कमी, हे त्यांनी कोणत्याही पुस्तकाशिवाय दोन संध्याकाळी ओसरीत बसून ताडले आणि पांढऱ्या माळा परत करायला लावल्या. शास्त्रही हेच सांगते. कीटकांची दृष्टी अतिनील आणि निळ्या प्रकाशाला अधिक संवेदनशील असते.

आणखी दोन नियम होते. पहिला असा की मंदिराची प्रतिकृती असली तरी तिच्यात जिनप्रतिमा ठेवायची नाही. शिखर आणि ध्वजा पुरे, कारण खेळण्यात प्रतिमा आली की आशातना आलीच. दुसरा साखरेच्या चित्रांविषयी. दिवाळीत हटडीबरोबर साखरेचे हत्ती-घोडे विकायला येतात. आमच्या घरी साखरेचे मनोरे चालत, प्राणी चालत नसत. माझ्या मुलाने लहानपणी याचे कारण विचारले, तेव्हा बाईंनी त्याला यशोधर राजाची कथा सांगितली. सोमदेवसूरींनी ९५९ मध्ये यशस्तिलकचंपूत आणि पुढे पुष्पदंतांनी अपभ्रंशात सांगितलेली ही कथा आपल्यापैकी अनेकांनी प्रवचनात ऐकली असेल. खरा कोंबडा मारायला नको म्हणून यशोधराने पिठाचा कोंबडा बळी दिला. पीठच ते, पण मारण्याचा भाव खरा होता. त्या भावामुळे त्याला आणि त्याच्या आईला कित्येक जन्म पशुयोनीत फिरावे लागले. वस्तू खोटी असली तरी भाव खोटा नसतो, हे मुलाला कळले की नाही ठाऊक नाही. मला मात्र ते पुढे बऱ्याच वर्षांनी, एका वेगळ्याच प्रसंगी कळायचे होते.

लहान इमारतींचे असे जग मांडण्याची हौस काही आपल्याच घरची नाही. तामिळ घरांत नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्यांचा गोलू मांडतात. इटलीतील नेपल्स शहरात नाताळासाठी येशूजन्माचे देखावे करणाऱ्या कारागिरांची सान ग्रेगोरिओ आर्मेनो नावाची आखी गल्लीच आहे. अमेरिकेत डिपार्टमेंट ५६ नावाच्या कंपनीने १९७६ मध्ये आतून उजळणारी सहा चिनीमातीची घरे बाजारात आणली आणि नाताळात बर्फाळ गाव मांडण्याची रीत तेथे घराघरांत रुजली. ती कंपनी काही वर्षांनी एखाद्या घराचे उत्पादन थांबवते. मग ते मिळेनासे होते आणि त्याच्यासाठी संग्राहक जादा पैसे मोजायला तयार होतात. व्यापारी म्हणून ही युक्ती आपल्याला चटकन समजते. टंचाई केली की भाव चढतो.

आपल्या समाजात या हौसेचा कळस पाहायचा असेल तर अजमेरला जावे. सेठ मूलचंद सोनी यांनी बांधलेल्या सोनीजींच्या नसियांमध्ये १८६५ साली प्रतिमेची स्थापना झाली, आणि १८९५ मध्ये तेथे सोन्याची अयोध्यानगरी बसवण्यात आली. सोन्याच्या पत्र्याने मढवलेले महाल, मंदिरे, सुमेरू पर्वत, आकाशातून येणारी विमाने, असा भगवान ऋषभदेवांच्या पंचकल्याणकांचा देखावा दोन मजले उंच दालनात उभा आहे. जयपूरच्या कारागिरांना तो घडवायला सुमारे पंचवीस वर्षे लागली. एका व्यापारी कुटुंबाने उभे केलेले ते नगर कोणाच्या दिवाणखान्यात बंद झाले नाही. येणारा प्रत्येक यात्रेकरू काचेबाहेर उभा राहून ते पाहतो. मी ते पाहिले तेव्हा मला बाईंचे कपाट आठवले, आणि त्याहून अधिक त्यांची लाल वही आठवली.

त्या वहीची कथा अशी. १९८७ च्या चातुर्मासात बाईंनी साध्वीजींकडून परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतले. श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात परिग्रहाची गणना कोठून सुरू होते, पाहा. क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे शेत आणि घर. मग हिरण्य-सुवर्ण, मग धन-धान्य. घर पहिल्याच जोडीत आहे. उपासकदशांगातील आनंद श्रावक वाणिज्यग्रामचा मोठा धनिक. त्याने व्रत घेताना चार कोटी सुवर्णमुद्रा ठेवीत, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसंसारात, शिवाय गाईंचे चार कळप, अशी मर्यादा बांधली. तो दरिद्री झाला नाही. जेवढे होते तेवढ्यावर त्याने रेघ ओढली. बाईंनी साड्या मोजल्या, दागिने मोजले, भांडी मोजली आणि शेवटी कपाट उघडून ही लहान घरेही मोजली. ती चोवीस भरली. घरातल्यांनी हसून म्हटले की खेळणी कशाला मोजायची? बाईंनी वहीत लिहिले: खेळघरे २४.

पण हौस संपली नव्हती, आणि ती संपवायची असेही त्यांच्या मनात नव्हते. दरवर्षी एखादे नवे घर करून घ्यावेसे वाटणारच. म्हणून त्यांनी हिशेबाचा नियम केला. दिवाळीला एक नवे घर आत आले की सर्वांत जुने घर बाहेर जाईल. कोणते जाईल हे आवडीवर ठरणार नाही, क्रमावर ठरेल. ज्या घरी लहान मूल आहे आणि असे खेळघर नाही, अशा घरी ते जाईल. कोणत्या समाजाचे घर ते पाहायचे नाही. घेणाऱ्याने तीन गोष्टी मान्य करायच्या: दिवाळीत ते उजळायचे, विकायचे नाही, आणि मूल मोठे झाले की पुढे कोणाला तरी द्यायचे. या सर्वांची नोंद लाल वहीत, जमा आणि नावे अशा दोन बाजूंना, दुकानाच्या वहीसारखीच.

त्या क्रमाने पहिल्याच दिवाळीला, १९८७ मध्ये, बाहेर गेली ती बाईंच्या माहेरची हटडी. लग्नात पांढरकवड्याहून त्यांच्या आईने ती कापडात गुंडाळून पाठवली होती. ती सर्वांत जुनी होती, म्हणून पहिला क्रम तिचा. बाजारातल्या एका शिंप्याच्या मुलीला ती दिली. मी ही हकीकत नंतर ऐकली तेव्हा बाईंना विचारले की त्यांना वाईट वाटले नाही का? त्या म्हणाल्या, “वाटले ना. वाटावे म्हणूनच तर नियम केला. काहीच वाटले नसते तर ते देणे कसले?”

उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूचे नावही घेतलेले नाही. मूर्च्छा, म्हणजे आसक्ती, हाच परिग्रह असे ते म्हणतात. यशोधराच्या पिठाच्या कोंबड्याचा अर्थ मला येथे उलगडू लागला. पिठाचा कोंबडा मारूनही हिंसा लागत असेल, तर मातीच्या घरावर जीव जडूनही परिग्रह लागतो. आणि तसे असेल तर मातीचे घर मनापासून देऊन टाकल्याने जे सुटते, तेही खरेच असले पाहिजे. बाई चाळिशी ओलांडल्यावर या लहान घरांवर तालीम करीत होत्या. मोठ्या घराची पाळी येणारच होती.

ती १९९८ मध्ये आली. आमचे सासरे, म्हणजे बाबूजी, आणि त्यांचे धाकटे बंधू काकासा यांची वाटणी झाली. भांडण म्हणावे असे काही घडले नाही, पण वाटणीत जे थंडपण येते ते आले. मुख्य रस्त्यावरचे जुने दुकान, फळ्यांच्या दारांचे, उंच ओट्याचे, गादी-तक्क्याचे, जेथे दोन भाऊ एकाच गल्ल्यावर आळीपाळीने बसत, ते पाडून मधोमध भिंत घातली आणि दोन दुकाने झाली. वजने-मापेसुद्धा वाटली गेली. पाडकामात निघालेल्या सागाच्या एका फळीतून बाईंनी सुताराकडून त्या जुन्या दुकानाची प्रतिकृती करून घेतली. हातभर रुंद, फळ्या खरोखर निघत आणि बसत, आत गादी, गल्ला, तारेचा तराजू. ती त्या दिवाळीला जमेच्या बाजूला आली. तिच्याखाली आम्हां सर्वांचे बालपण, तारुण्य आणि नाव होते. काकासांच्या घरची मुले ओसरीवर येऊन ती पाहून जात. मोठी माणसे येत नसत. संवत्सरीला दोन्ही घरे एकमेकांना मिच्छामि दुक्कडम् म्हणत, आणि उरलेले वर्षभर भिंत आपले काम करीत राही.

हिशेब सोपा होता. चोवीस घरे, दरवर्षी एक जावक. १९९८ चे दुकान २०२२ च्या दिवाळीला बाहेर जाणार हे ते आले त्याच दिवशी ठरले होते. मधली वर्षे झपाट्याने गेली. बाबूजी गेले. करोनाच्या वर्षीही एक घर बाहेर गेले, फक्त ते मास्क लावून पोहोचवावे लागले. आणि २०२२ उजाडले.

घरात अस्वस्थता पसरली. माझे पती म्हणाले की या एका वस्तूपुरती मर्यादा पंचवीस करावी. माझा मुलगा चार्टर्ड अकाउंटंट; त्याने अधिक चतुर मार्ग सुचवला. दोन लहान घरे एकाच फळीवर ठोकून टाकली की मोजताना ती एक भरतील, म्हणजे चोवीसचे चोवीस आणि दुकानही घरात. बाई त्या वेळी चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्या खळखळून हसल्या. म्हणाल्या, “हेमचंद्राचार्यांनी तुला ओळखले होते रे!” आणि खरेच, बाराव्या शतकात लिहिलेल्या योगशास्त्रात पाचव्या व्रताचे अतिचार सांगताना आचार्यांनी नेमकी हीच क्लृप्ती नोंदवली आहे. दोन घरांमधली भिंत पाडून किंवा दोन शेतांमधला बांध काढून ती एक करायची आणि व्रताची संख्या राखल्याचे समाधान मानायचे; संख्या शाबूत राहते, व्रताला डाग लागतो. साडेआठशे वर्षांपूर्वीच्या श्रावकांनाही हिशेब चांगला येत होता, असे म्हणून मुलगाही हसला आणि विषय मिटला.

दुकान कोणाला द्यायचे हे बाईंनी कोणालाच सांगितले नव्हते. धनत्रयोदशीला सकाळी त्यांनी मला बरोबर घेतले आणि आम्ही भिंतीपलीकडच्या घरी गेलो. काकासांना चार वर्षांचा पणतू होता आणि त्यांच्या घरी असे खेळघर नव्हते. नियमात ते घर तंतोतंत बसत होते. बाईंनी तेवढेच सांगितले. तीन अटीही सांगितल्या, जशा त्या प्रत्येक घरी सांगत: उजळायचे, विकायचे नाही, मूल मोठे झाले की पुढे द्यायचे.

काकासा त्या वेळी ऐंशीचे. त्यांनी एक-एक फळी काढून पाहिली, पुन्हा बसवली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “भाभीसा, तिसरी अट आम्हांलाही?”

“सगळ्यांना,” बाई म्हणाल्या.

“मग हे आमच्याकडेही राहणार नाही.”

“नाही राहणार. पण तोवर उजळेल तर.”

त्या वर्षी वहीपूजन दोन्ही घरांनी एकत्र केले, चोवीस वर्षांनी. यापलीकडे काही फार बदलले असे मी म्हणणार नाही. भिंत आहे, दुकाने दोन आहेत, ग्राहक कोणाचा यावरून अजूनही कधीतरी धुसफूस होते. वाटणी वाटणीच राहिली. पण त्या जुन्या दुकानावर हक्क कोणाचा, हा जो न उच्चारलेला प्रश्न दोन्ही घरांत चोवीस वर्षे होता, तो सुटला. उत्तर असे निघाले की कोणाचाच नाही, आणि ते दोन्ही घरांना मान्य झाले. वकिलाने केलेल्या वाटणीपत्रात या प्रश्नाला जागा नव्हती. ती बाईंच्या लाल वहीत होती.

२०२३ च्या मार्चमध्ये बाईंचे देहावसान झाले. त्या दिवाळीला कपाट उघडायचे की नाही असा प्रश्न घरात आला. माझ्या जावेला वाटे की आता ही घरे बाईंची आठवण म्हणून जशीच्या तशी ठेवावीत. तिचे म्हणणे प्रेमाचे होते. पण आठवण म्हणून ठेवायची ठरले असते तर चोवीस घरांवर चोवीस कुलपे लागली असती, आणि ज्या बाईंनी आयुष्यभर एक-एक कुलूप काढले त्यांचीच आठवण म्हणून. आम्ही दोघींनी वही उघडली, १९९९ ची नोंद पाहिली आणि ते घर एका कंडक्टरच्या मुलाला पोहोचवले.

पुढच्या वर्षी जमेच्या बाजूला काय आणायचे हे मला पहिल्यांदाच एकटीने ठरवायचे होते. ते गावानेच ठरवून दिले. यवतमाळला मूर्तिजापूरहून येणारी शकुंतला गाडी जुन्या पिढीने पाहिली होती. कळंबला मात्र आगगाडी कधी आली नव्हती. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाच्या वर्धा ते कळंब या टप्प्याचे उद्घाटन २८ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. त्या दिवाळीला आमच्या ओसरीवरच्या गावालाही रेल्वे स्टेशन मिळाले. जुन्या सुताराच्या मुलाने ते केले, फलाटावर पिवळ्या पाटीसह. ते उजळले तेव्हा आजूबाजूची मुले गाडी कोठे आहे म्हणून विचारू लागली. पुढच्या वेळी येईल, असे सांगून वेळ मारून नेली.

लाल वहीच्या नावे बाजूला आज एकोणचाळीस घरे आहेत. त्यांतली काही फुटली असतील, काही पुढे गेली असतील. दिवाळीच्या रात्री कळंबच्या गल्ल्यांतून जाताना अनोळखी ओट्यावर एखादी ओळखीची खिडकी पिवळी दिसते. एका घरी हटडीला निळा रंग दिला होता. एका घरी तिच्यात गणपती बसवला होता. आमच्या घरी आम्ही प्रतिमा ठेवत नाही, पण ते घर आता त्यांचे आहे आणि श्रद्धाही त्यांची. बाईंनी ते पाहिले तेव्हा हात जोडले आणि पुढे निघाल्या होत्या.

वाचक भगिनी-बंधूंना एक विनंती करावीशी वाटते. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी काही ना काही जमत असते: चांदीची नाणी, जुनी घड्याळे, पितळी दिवे, साड्या. ते जमवणे थांबवा असे मी म्हणत नाही. आनंद श्रावकानेही एकदम सारे सोडले नव्हते. पण एकदा सारे मोजावे, आकडा वहीत लिहावा, आणि आत येणाऱ्याबरोबर बाहेर जाणाऱ्याचाही रकाना आखावा. आवक-जावक आपल्याला शिकवावी लागत नाही. गोदामात माल साठून राहिला की तो सडतो, हेही ठाऊक आहे.

वीर निर्वाण संवत् २५५२ च्या या दिवाळीला क्रम २००१ च्या नोंदीचा होता. त्या वर्षी माझ्या मुलाने, सहा वर्षांचा असताना, काडेपेट्यांच्या खोक्यांची शाळा केली होती. भिंती वाकड्या, दार उलटे बसवलेले, दरवर्षी खळीने पुन्हा चिकटवलेली. तिला बाजारात काहीच किंमत नाही, आणि म्हणूनच ती देणे मला सागाच्या दुकानाहून जड गेले. मुलाला पुण्याला फोन केला. तो म्हणाला, “आई, यंदा मी कोणतीही युक्ती सुचवणार नाही.” आमच्या दुकानात पोती उचलणाऱ्या माणसाची धाकटी मुलगी यंदा पहिलीत गेली आहे. शाळा तिच्याकडे गेली. तिने दार सरळ करून बसवले, असे तिचे वडील दुसऱ्या दिवशी सांगत होते.